रुखवतातलं लढाऊ विमान

तलवाडा, ता. गेवराई
६ जानेवारी २०२५

चि. वनू,

आशीर्वाद. सायली विमान घेऊन पाटोद्याला सुखरूप पोहोचली असेल असं धरून चालतो. गेवराईला तिला बसमध्ये खिडकीशी बसवून दिलं तेव्हा ते गोधडीत गुंडाळलेलं तिच्या मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "ताई, काच लावा, बाळाला वारं लागंल." मी म्हणालो, "बाळ न्हाई, लढाऊ विमान हाय." त्यावर त्याने माझ्याकडे जसं पाहिलं तसं सगळा तलवाडा गेलं वर्षभर पाहत आहे, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

पत्र लिहितो, कारण फोनवर आपलं जमत नाही. इतकी वर्षं जेट इंजिनांशेजारी पाना घेऊन उभा राहिलो, त्यात कान गेले. कानातलं यंत्र लावलं की ते शिट्टी मारतं. परवा फोनवर तू लग्नाची तारीख सांगितलीस की डाळीचा भाव, ते मला अजून कळलेलं नाही. लिहून कळव.

आता कामाचं. भाचीला कपाट-भांडी सगळेच मामा देतात. सायलीने मात्र माझ्याकडे तोंडाने मागितलं, "मामा, रुखवतात तुमच्या हातचं विमान पाहिजे." म्हणून हे नॅट केलं. एकाहत्तरच्या लढाईत मी ज्या विमानाचा मेकॅनिक होतो तेच, बाराव्या हिश्शाचं. अंग सागवानी, त्यावर पातळ पत्रा, चाकं फिरतात. रंग तेवढा राहिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण हात थरथरतो. पाना धरवतो, ब्रश धरवत नाही. पाटोद्यात कुणी चांगला पेंटर असेल तर त्याच्याकडून करून घे. सोबत कागद दिला आहे. वरून हिरवा आणि मातकट पट्टे, खालून फिकट आभाळी. चमक अजिबात नको. पंखावर गोल: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. शेपटीवर मी लिहून दिलेला नंबर.

एवढंच आणि असंच. जास्त काही सुचलं तर करू नये.

तुझा दादा,
रामकिसन

---

पाटोदा
१५ जानेवारी २०२५

ती. दादा,

नमस्कार. लग्न २ मार्चला आहे, रविवारी, इथल्याच मंगल कार्यालयात. डाळीचा भाव मी सांगितलाच नव्हता.

विमान पाहिलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. आपल्या घरात इतक्या बारीक हाताचं काम कुणी केलेलं मला आठवत नाही. शेजारणी येऊन बघून गेल्या. चाकं फिरवून फिरवून एक निखळायला आलं तेव्हा मी ते कपाटावर ठेवून दिलं.

पण दादा, रंगाचं काय हे? हिरवा आणि मातकट? अरे, नव्या नवरीच्या रुखवतात शेणाच्या रंगाची वस्तू मांडायची? बाजूला माझे सुपारीचे भटजी, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, शेवयांचा मोर, सगळं कसं झळाळतं. आणि मध्ये हे, चिखलातून आल्यासारखं. विहीणबाई छबुबाई म्हणजे लग्नाला येताना चष्मा दोनदा पुसून येणाऱ्या बाई आहेत. थोरल्या सुनेच्या रुखवतातल्या शेवया त्यांनी मोजल्या होत्या असं ऐकून आहे.

पेंटर मिळाला. त्रिंबक. ट्रॉल्या, ट्रक, दुकानांच्या पाट्या सगळं तोच रंगवतो. तुझा कागद वाचून म्हणाला, "बाई, चमक मारायची कावून? लोक माझ्याकडं चमक आणायला येत्यात." मी म्हटलं, मिलिटरीचं आहे. तो म्हणाला, "मंग तर लई चमकाया पायजे."

दुसरं म्हणजे, कॉकपिटात जागा एकच आहे. मी सुपारीचे नवरा-नवरी केले आहेत, मुंडावळ्या बांधून. नवरीला बसवलं की नवरा बाहेर राहतो. मागे अजून एक खुर्ची करून पाठव. लग्नात एकट्याचं विमान बरं दिसत नाही.

तुझी
वनमाला

---

तलवाडा
२१ जानेवारी २०२५

चि. वनू,

आशीर्वाद, थोडे कमी.

एक. तो शेणाचा रंग नाही. लपायचा रंग आहे. वरून शत्रूने पाहिलं तर खाली रान वाटावं, खालून पाहिलं तर वर आभाळ वाटावं. लढाई आली तेव्हा आमच्या तळावर आम्हीच हातात ब्रश घेऊन तो फासला होता. मी स्वतः एक पंख रंगवला आहे. तू तेव्हा दुसरीत पाढे म्हणत होतीस.

दोन. मागे खुर्ची होणार नाही. नॅटमध्ये एकच माणूस बसतो. त्याच्या पाठीमागे इंजिन असतं. जावईबापूंना इंजिनात बसवायचं असेल तर तुझी मर्जी.

तीन. त्रिंबकला सांग, तेलरंगात टर्पेंटाइन जास्त घातलं की चमक मरते. त्याला ते येत नसेल तर विमान परत पाठव, मी थरथरत्या हाताने रंगवीन. कडा वाकड्या येतील, पण रंग खरा येईल.

तुझा दादा

ता. क. चाक निखळलं असेल तर ओढू नये. आतून खिळा आहे.

---

पाटोदा
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादा,

नमस्कार. शांत हो, विमान झालं!

रुखवत काय लपवायला मांडतात का, हे मला अजूनही कळलेलं नाही. आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूला खालून कोण बघणार? तरी तुझ्या शब्दाखातर पोट आभाळी केलं आहे. वरचे पट्टेही तू सांगितलेसच तसे. त्रिंबक "माझ्या हातानं चमक मारली, आता गिऱ्हाईक तुटंल" म्हणत होता, पण मी उभी राहून टर्पेंटाइन घालायला लावलं. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळा चालवली आहे मी.

थोडं फार इकडेतिकडे झालं ते सांगून टाकते. गोलाच्या मध्ये त्याने सवयीने अशोकचक्र काढलं होतं, आरे मोजून. ते पुसून घेतलं. शेपटीवर तुझा नंबर लिहायच्या आधी त्याने "एमएच २३" लिहिलं होतं, म्हणे बीडची गाडी म्हटल्यावर ते लागतंच. तेही पुसलं. पोटाखाली "नाद करायचा न्हाई" असं बारीक अक्षरात आहे, ते मला काल दिसलं. ते राहू दे, तिथे कुणी वाकून बघत नाही.

आता खुशखबर. तुझ्या नजरेतून सुटलेली एक चूक मी दुरुस्त करून घेतली. कॉकपिटच्या मागे डाव्या अंगाला नखाएवढा पत्रा वेगळा जोडलेला होता, वाकडा, वर चार टाचण्यांची टोकं. साफ ठिगळ दिसत होतं. तुझी नजर आता पूर्वीची राहिली नाही, मी समजू शकते. पण नवरीला ठिगळाची वस्तू द्यायची नसते, घरातल्या सगळ्या बायका तेच म्हणाल्या. त्रिंबकलाही ते खुपतच होतं. "नव्या गाडीला ठिगळ ऱ्हातंय का कुठं? माझं नाव खराब व्हईल." त्याने पुट्टी भरून, घासून, वरून रंग देऊन असं गुळगुळीत केलं आहे की बोट फिरवलं तरी कळत नाही.

आहे की नाही तुझी बहीण कामाची?

तुझी
वनमाला

---

तलवाडा
७ फेब्रुवारी २०२५

वनमाला,

पत्र पोहोचलं. मी लग्नाला येणार नाही. बोहल्यावर सायलीमागे उभा राहायला दुसरा कुणी मामा बघ.

रामकिसन

---

पाटोदा
१२ फेब्रुवारी २०२५

दादा,

हे काय लिहिलंस? दोन ओळींचं पत्र वाचून मी तासभर पायरीवर बसून होते. मला तू एकटा भाऊ. दुसरा मामा बघ म्हणतोस, तो काय पाटोद्याच्या बाजारात मिळतो?

मी रात्रंदिवस विचार केला आणि माझ्या लक्षात आलं. मानापानाचं आहे ना? पत्रिकेत तुझं नाव खाली छापलं म्हणून का? अरे, ते वयाने नाही, छापणाऱ्याने जागेप्रमाणे टाकलं. की सायलीच्या पप्पांनी बस्त्याला तुला बोलावलं नाही म्हणून? ते धावपळीत राहिलं. की आहेरात टॉवेल-टोपी ठेवली आहे असं तुला कुणी सांगितलं? टोपी नाही दादा, फेटा बांधणार आहोत. कोशा फेटा! आणि सफारीचं कापड. ते आवडलं नाही तर धोतरजोडी. तोंडाने सांग की तुला काय पाहिजे. लग्नात रुसणारे मामा मी खूप पाहिले, पण महिनाभर आधीच रुसणारा पहिलाच.

विहीणबाईंचा काल फोन आला होता. पहिलाच प्रश्न, "नवरीचे मामा विमानात व्हते म्हनं?" मी म्हटलं, विमानाच्या खाली होते. त्या म्हणाल्या, "येनार हायत ना?" मी हो म्हटलं. आता मला खोटं पाडू नकोस.

सायली कोर्टातून घरी आली की रोज विचारते, मामाचं पत्र आलं का. मी तिला तुझ्या दोन ओळी दाखवलेल्या नाहीत.

वनू

---

तलवाडा
१८ फेब्रुवारी २०२५

चि. वनू,

फेट्याचं नाव काढू नकोस. मला टॉवेल दिला असतास तरी खांद्यावर टाकून मिरवला असता. तुला काहीच कळलेलं नाही, आणि चूक माझीही आहे, कारण मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. न विचारता सांगितलं तर लोकांना वाटतं म्हातारा फुशारकी मारतो.

ते ठिगळ माझ्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. वनू, ते बसवायला मला आठ दिवस लागले.

एकाहत्तरचा डिसेंबर. मी एकवीस वर्षांचा. एका दुपारी आमचं विमान परत आलं ते कॉकपिटच्या मागे भोक घेऊन. साहेब शिडीवरून उतरले. त्यांनी भोक पाहिलं, मी त्यांचं तोंड पाहिलं. आणखी हातभर पुढे लागलं असतं तर उतरायला कुणी राहिलं नसतं. सकाळी विमान पुन्हा लागणार होतं. मी पत्रा कापला, रिबिटं मारली, वरून हिरवा रंग फासला. घाईत ते वाकडं बसलं. सकाळी साहेब शिडी चढताना थांबले. ठिगळावर हात ठेवला आणि विचारलं, "टिकेल ना रे?" मी म्हटलं, "टिकंल साहेब." मला मनातून काही खात्री नव्हती. पण दुसरं काय बोलणार होतो?

विमान गेलं. मग मेकॅनिकला काही काम नसतं. धावपट्टीच्या कडेला उभं राहून आभाळाकडे बघायचं, एवढंच. ते परत आलं. त्यानंतर लढाई संपेपर्यंत साहेब प्रत्येक वेळी ठिगळावर हात ठेवूनच वर चढले आणि प्रत्येक वेळी परत आले. लोक देवाच्या पायरीला हात लावतात तसं.

माझ्या हातच्या कामावर दुसऱ्याचा जीव टिकला असं मला डोळ्यांनी दिसलं, ते तेवढं एकदाच. मला वाटलं, सायली नव्या घरी निघाली आहे, तिच्याबरोबर ते जावं. माझ्यापाशी देण्यासारखं तेच आहे. बाकीचं विमान मी त्या ठिगळासाठी केलं, आणि तू ते पुट्टीने बुजवून मला खुशखबर म्हणून कळवलंस.

गुळगुळीत विमान मी ओळखत नाही. त्याच्याशेजारी उभा राहून लोकांना काय सांगू?

दादा

---

पाटोदा
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

आईने तुमची दोन्ही पत्रं माझ्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. रडली की नाही ते विचारू नका, कांदा चिरत होती असं ती म्हणते. आज घरात कांद्याची भाजी नाही.

मी त्रिंबककाकांना बोलावलं. "काका, पुट्टी काढायची." ते म्हणाले, "भरल्याली पुट्टी काडायची? डोकं फिरलंय का बे सगळ्यांचं?" मी त्यांना साहेबांची गोष्ट वाचून दाखवली. मग त्यांनी खिशातून पॉलिश पेपर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच घास पोरी. मला भ्या वाटतंय."

मी घासलं. ठिगळ परत आलं आहे मामा, वाकडं, चारही टोकांसकट. पण त्यावरचा रंग गेला, पत्रा उघडा पडला आहे. त्रिंबककाका लावून देतो म्हणाले, मी लावू दिला नाही. तो तुम्ही लावायचा. हात थरथरला तर थरथरू द्या. लढाईतसुद्धा वाकडंच बसलं होतं ना?

हिरव्या रंगाची वाटी आणि ब्रश तयार ठेवला आहे. तुम्ही आला नाहीत तर मी उघड्या पत्र्याचं विमान रुखवतात मांडीन, छबुबाईंनी विचारलं तर मामा रुसलाय म्हणून सांगीन, आणि बोहल्यावर एकटीच जाऊन उभी राहीन. तुमच्या होणाऱ्या जावयाला, अभिमन्यूला, सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, मामांना काय पाहिजे ते देऊन टाका, पण त्यांना आणा.

तुमची
सायली

---

पाटोदा
६ मार्च २०२५

ती. दादा,

नमस्कार. तू लग्नाच्या आदल्या दिवशी आलास, माझ्याशी एक शब्द न बोलता ब्रश मागितलास आणि नखाएवढ्या जागेला पाऊण तास रंग दिलास. टेबलावर, माझ्या नव्या चादरीवर आणि तुझ्या सदऱ्यावरही दिलास. मी काही बोलले नाही, हे लक्षात ठेव.

लग्नाच्या दिवशी काय झालं ते तुला पूर्ण माहीत नाही, कारण तू कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतंस. "बँडपुढं शिट्टी कुनाला ऐकू येतीया," असं तूच म्हणालास. म्हणून लिहून कळवते.

अक्षता वाटून झाल्या. माईकवरून भटजींनी सांगितलं, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मंडपात यावं." तू नाहीस. पुन्हा सांगितलं. तू नाहीस. मग आचाऱ्याचा एक माणूस माईक घेऊन ओरडला, "नवरीचे मामा, जिथं असाल तिथून या वो, मुहूर्त चाललाय!" सायलीच्या पप्पांनी तुला जेवणाच्या मंडपात शोधलं, मी खोल्यांमध्ये. वाटलं, रुसून तलवाड्याची गाडी धरली.

आणि तू रुखवतापाशी. माईककडे पाठ करून, फेटा सरळ करत, विहीणबाईंना नॅट समजावून सांगत होतास! छबुबाई चष्मा लावून वाकल्या होत्या, चांगल्या पोटाखालपर्यंत. त्यांनी "नाद करायचा न्हाई" मोठ्याने वाचलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सुनबाईला ह्येच सांगा म्हनं." मग त्यांनी ठिगळावर बोट ठेवून विचारलं, "ह्ये फाटलं व्हतं का?" ऐकू न येता, नुसतं बोट पाहून तू त्यांना सगळं सांगितलंस, साहेबांपासून. विहीणबाईंनी शेवया मोजल्याच नाहीत.

खोलीतून सायली बाहेर आली ती तेव्हा. मामा नवरीला आणतो, इथे नवरी मामाला आणायला निघाली, मुंडावळ्यांसकट, सगळ्या मांडवातून. तुझ्या खांद्यावर हात ठेवून तिने तुला वळवलं. तू दचकलास. लोक हसले. तू ओशाळून पुढे निघालास, म्हणून पुढचं तुला दिसलं नसेल. तुझ्या मागोमाग निघताना ती क्षणभर थांबली. मेंदीचं बोट तिने ठिगळावर ठेवलं. मग चालू लागली.

मी ते पाहिलं, छबुबाईंनी पाहिलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग मला रडू आवरलं नाही. कांदा नव्हता.

आणखी एक. एकट्याच्या विमानाचा तू काढलेला तोडगा मला मान्य आहे. नवरी आत आणि सुपारीचा नवरा खाली तारेच्या शिडीपाशी उभा. अभिमन्यूने विचारलं, मी खाली का? तू म्हणालास, "मेकॅनिक लागतुया." त्याने त्याचाच फोटो काढून आपल्या फोनवर लावला आहे.

घर मात्र फार मोठं वाटायला लागलं आहे दादा. कपाटावरची विमानाची जागासुद्धा पुसवत नाही.

तुझी
वनू

---

तलवाडा
१३ मार्च २०२५

चि. वनू,

पुष्कळ आशीर्वाद.

माझे कान गेलेत, डोळे ऑपरेशन करून नवे आहेत. मी ओशाळून पुढे गेलो, पण माझ्या समोरच्या भिंतीवर आरसा होता. तिने बोट ठेवलेलं मी पाहिलं. बोहल्यापाशी तिच्यामागे उभा राहिलो तेव्हा मंगलाष्टकं मला ऐकू आली नाहीत, आणि यंत्र लावलं असतं तरी आली नसती.

घर मोठं वाटतं म्हणतेस. वाटणारच. विमान गेलं की मेकॅनिकला काही काम नसतं, हे मी तुला लिहिलं होतं. तुझी ती वेळ आता आली आहे. सवय होत नाही, हे आधीच सांगतो. पण उभं राहायचं. फक्त एक फरक आहे. आम्हाला परत कधी येणार ते कुणी सांगत नव्हतं, तुला मात्र पाडव्याची तारीख माहीत आहे.

सायलीला माहेरी आणायला मुराळी म्हणून तिच्या चुलतभावाला पाठवणार आहेस असं ऐकलं. पाठवू नकोस. मी जाणार. या वयात मुराळी शोभत नाही म्हणशील, तर छबुबाईंना विचार, त्यांनी मला बोलावलंच आहे. त्यांच्या घरात विमानाचं चाक निखळलं आहे.

फेटा बांधूनच जाईन. विमान उतरलं की शिडी घेऊन कुणीतरी खाली उभं असावं लागतं, आणि ते काम मला येतं.

तुझा दादा